टाचेवरचा डाग आणि सर्जनचे काम

पत्र : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे आणि आयुष्यभर ते तिथे अनवाणीच वावरले. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या टाचेच्या आतल्या कडेला काळा डाग दिसला. काजूच्या दिवसांत बियांचे तेल लागून कातडी काळी पडते, तसेच काही असेल असे समजून आम्ही लक्ष दिले नाही. पुढे ते कुरूप आहे असे कोणी तरी सांगितले आणि गावातल्या एकाने ते ब्लेडने दोनदा तासले. जखम भरेना, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल मेलानोमाचा आला. प्रत सोबत जोडली आहे. कॅन्सर सर्जन म्हणतात की डाग जेमतेम दीड सेंटिमीटरचा असला तरी चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर कातडी काढावी लागेल, त्याच वेळी जांघेतील एक-दोन गाठी काढून तपासाव्या लागतील आणि टाचेची जखम काही दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत बुजवावी लागेल. माझे काका म्हणतात की सुरी लागली की हा रोग अंगभर पसरतो, त्यापेक्षा औषधे घ्यावीत. एवढ्याशा डागासाठी एवढी कापाकाप कशाला? जांघेचा यात काय संबंध? आणि शस्त्रक्रिया झाली की सर्जनचे काम संपते का? बाबांना आम्ही ‘जुनी जखम आहे, साफ करायची आहे’ एवढेच सांगितले आहे. ते म्हणतात, गणपतीची चवथ होऊ दे, मग बघू.
– एक मुलगी, सत्तरी

उत्तर : सप्रेम नमस्कार. अहवालाची प्रत जोडलीत हे फार बरे केलेत, कारण या आजारात अर्ध्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदात असतात. तो वाचून आणि सर्जननी तुम्हांला जे सांगितले ते ताडून पाहून माझे मत असे झाले आहे की त्यांनी मांडलेली योजना योग्य आहे, ती चवथीनंतरवर ढकलू नये, आणि ती पार पडायची असेल तर वडिलांना खरे सांगण्यावाचून गत्यंतर नाही. यातील शेवटची गोष्ट तुम्हांला सर्वांत जड जाणार आहे याची मला कल्पना आहे; तिच्याकडे मी ओघाने येतो.

मेलानोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर आहे. गोऱ्या कातडीच्या देशांत तो प्रामुख्याने उन्हाशी जोडला जातो आणि आपल्या किनाऱ्यांवर येणारे परदेशी पाहुणे तासातासाला मलम चोपडतात त्यामागे ही भीतीही असते. आपल्याकडे हा आजार एकंदरीत विरळाच, पण तो होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. म्हणजे जिथे ऊन जवळजवळ पोहोचतच नाही तिथे. अहवालातील ‘अ‍ॅक्रल’ या शब्दाचा अर्थ हाच. तेव्हा वडील अनवाणी फिरले म्हणून, किंवा तुम्ही वेळीच दटावले नाही म्हणून हे झाले, असे कोणी घरात म्हणत असेल तर ते थांबवा. उशीर मात्र झाला, आणि तो होण्याचे कारणही स्पष्ट आहे : हा डाग दुखत नाही, आणि तळपायावर काळे काही दिसले तर आपल्याला आधी चीक, काटा, ठेच आणि कुरूपच आठवते. डॉक्टरांनाही तेच आठवते. माझ्या उमेदीच्या काळात एका बाईंच्या अंगठ्याच्या नखाखालचा काळा पट्टा मी मुका मार समजून तीन महिने नुसता पाहत बसलो होतो. त्या चुकीनंतर, नखासोबत पुढे सरकून जात नाही आणि नखाच्या मुळाशी कातडीवर उतरतो असा कोणताही काळा पट्टा मी तपासल्यावाचून सोडला नाही.

आता काकांच्या म्हणण्याविषयी. सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही समजूत गोव्यातच नव्हे, सगळीकडे आहे, आणि ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. पूर्वी माणसे इतक्या उशिरा शस्त्रक्रियेला येत की रोग आधीच आत पोहोचलेला असे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत तो दिसू लागला की दोष सुरीच्या माथी बसे. नीट घेतलेल्या बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्याने, मेलानोमा पसरत नाही, आणि नीट केलेली शस्त्रक्रिया हाच त्याच्यावरचा पहिला आणि मुख्य उपाय आहे. अपाय होतो तो वेगळ्याच सुरीने : ब्लेडने तासल्याने, जाळल्याने, किंवा काढलेला तुकडा तपासायला न पाठवता फेकून दिल्याने. त्यात निदान हातचे जाते आणि डागाची खरी जाडी मोजता येईनाशी होते. औषधांचे म्हणाल, तर एकाच जागी असलेला मेलानोमा शस्त्रक्रियेवाचून नुसत्या गोळ्यांनी किंवा सलाइनने बरा करण्याची रीत नाही. नवी औषधे प्रभावी आहेत, पण त्यांची पाळी केव्हा येते तेही पुढे सांगतो.

तुमच्या अहवालात ‘२.६ मिलिमीटर’ असा आकडा आहे. डाग किती रुंद आहे यापेक्षा तो किती खोल गेला आहे यावर या आजाराचे भवितव्य अधिक अवलंबून असते, हे अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ (काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर) अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, आणि आजही सर्जन पहिला प्रश्न ‘जाडी किती?’ हाच विचारतो. एक मिलिमीटरच्या आतला मेलानोमा पातळ समजतात, चारच्या वरचा फार जाड. वडिलांचा मधल्या टप्प्यातला आहे. ‘व्रण आहे’ हा दुसरा शेरा जाडीखालोखाल महत्त्वाचा, कारण वरची कातडी रोगानेच खाल्लेली असणे हे रोग आक्रमक असल्याचे चिन्ह मानले जाते. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी सर्जनच्या कानावर जरूर घाला. एक, ब्लेडने तासले होते हे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगा, लाजू नका. तासल्यामुळे पडलेली जखम आणि रोगाने पाडलेला व्रण यांतला भेद विकृतिशास्त्रज्ञाला करता यावा म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. दुसरी, बायोप्सी ही डागाच्या एका ठिकाणचा लहान तुकडा असते, म्हणून २.६ ही किमान जाडी समजा. पूर्ण डाग निघाल्यावर ती वाढू शकते, आणि वाढली तर सर्जननी तुमच्यापासून काही लपवले होते असा त्याचा अर्थ होत नाही.

एवढ्याशा डागासाठी एवढी कापाकाप कशाला, हा प्रश्न शंभर वर्षे सर्जनही एकमेकांना विचारत आले आहेत. लंडनचे सर्जन विल्यम सॅम्पसन हँडली यांनी १९०७ मध्ये मेलानोमाभोवतीची बरीच कातडी व तिच्याखालचा भाग काढावा असे प्रतिपादन केले, आणि त्यांचा आधार होता एका रुग्णाच्या शरीराची तपासणी. त्यातून पुढे पाच सेंटिमीटरचा दंडक रूढ झाला आणि कित्येक पिढ्यांनी तो निमूटपणे पाळला. माझ्या शिक्षकांनीही पाळला. नंतर प्रत्यक्ष रुग्णांची विभागणी करून तुलना होऊ लागली तेव्हा कळले की इतके मोठे खड्डे पाडून आयुष्य वाढत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दोन मिलिमीटरहून जाड मेलानोमाच्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी काहींची दोन सेंटिमीटर आणि काहींची चार सेंटिमीटर कड काढण्यात आली. जगण्यात फरक पडला नाही. म्हणून आज पातळ मेलानोमासाठी एक सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटरपलीकडच्यांसाठी दोन सेंटिमीटर अशी रीत आहे. दीड सेंटिमीटरच्या डागाला दोन्हीकडे दोन-दोन जोडले की साडेपाच सेंटिमीटरची जागा होते. ऐकायला ती मोठी वाटते, पण ती पूर्वीच्या मानाने अर्ध्याहूनही लहान आहे. खोलीत ती कातडीखालच्या चरबीतून स्नायूंवरच्या आवरणापर्यंत जाते. हाड किंवा पाय काढण्याचा प्रश्न तुमच्या अहवालानुसार उद्भवत नाही, तेव्हा कोणी ‘पायच काढतील’ असे म्हणून घाबरवत असेल तर तेही मनातून काढा. मात्र एक मोकळेपणाने सांगितले पाहिजे : स्वीडनच्या त्या अभ्यासात हातापायांच्या पंजांवरचे डाग घेतलेलेच नव्हते. टाचेवर किती कड काढायची आणि चालण्यासाठी किती वाचवायचे, हा तोल शेवटी सर्जनच्या जाणकारीवर राहतो, आणि म्हणूनच अशी शस्त्रक्रिया मेलानोमाचा अनुभव असलेल्या कॅन्सर सर्जननीच करावी.

जखम लगेच न बुजवता दुसऱ्या बैठकीत बुजवण्याचा त्यांचा बेत तुम्हांला खर्च वाढवणारा वाटला असेल. मला तो सावधपणाचा वाटतो. तळपायावरचा हा प्रकार दिसतो त्यापेक्षा कडेने पुष्कळदा अधिक पसरलेला असतो, आणि शस्त्रक्रिया चालू असताना घाईघाईने गोठवून केलेली कडांची तपासणी मेलानोमात फारशी विश्वासार्ह नसते. कायमस्वरूपी अहवालात कडा स्वच्छ आल्या की मगच जखम झाकावी, म्हणजे सुंदर झाकलेली जखम पुन्हा उकलावी लागत नाही. टाच अंगाचा भार घेते, त्यामुळे तिथे मांडीची पातळ कातडी चिकटवून भागत नाही. प्लास्टिक सर्जन बहुधा तळव्याच्या मधल्या खोलगट भागातील कातडी तिच्या चरबीसह आणि रक्तवाहिनीसह टाचेवर वळवून बसवतात आणि त्या मोकळ्या झालेल्या, भार न घेणाऱ्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावतात. यानंतर काही आठवडे पाय जमिनीला लावायचा नसतो. वडिलांना मधुमेह आहे का, पायातील रक्तपुरवठा कसा आहे, ते तंबाखू किंवा विडी ओढतात का, हे तुमच्या पत्रात नाही. सर्जन ते विचारतीलच, कारण नवी कातडी रुजते की सडते हे त्यावर बरेचसे ठरते.

जांघेचा संबंध विचारलात. पायाला ठेच लागून ती पिकली की जांघेत अवधाण येते, हे तुमच्या आजीलाही ठाऊक असेल. मेलानोमाच्या पेशी याच वाटेने प्रवास करतात : तळपायातून लसिकावाहिन्यांनी वर, क्वचित गुडघ्यामागच्या गाठीत, बहुतेक वेळा जांघेत. पूर्वी पेच असा होता की हाताला गाठ लागत नसताना जांघेतील सगळ्या गाठी काढाव्यात की नाही. काढल्या तर पाय आयुष्यभर सुजण्याची भीती, न काढल्या तर रोग आत राहण्याची. हा पेच अमेरिकी सर्जन डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सोडवला. डागापासून निघालेली वाट ज्या गाठीशी पहिल्यांदा पोहोचते, ती वेशीवरची गाठ तेवढी शोधून काढायची आणि बारकाईने तपासायची. शस्त्रक्रियेच्या सकाळी किंवा आदल्या दिवशी डागाभोवती अगदी अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव टोचतात आणि कॅमेऱ्याखाली तो कुठे गेला ते पाहतात; भूल दिल्यावर निळा रंगही टोचतात; मग किरणोत्सार टिपणाऱ्या हातातील यंत्राचा आवाज आणि डोळ्यांना दिसणारा निळेपणा या दोहोंच्या आधारे ती गाठ सापडते. दुसऱ्या दिवशी वडिलांची लघवी हिरवट-निळी दिसली तर घाबरू नका, तो त्याच रंगाचा परिणाम असतो. मी हे आधी सांगायला विसरलो की रात्री दोन वाजता वॉर्डातून हमखास फोन येई.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि तुमच्या सर्जनची योजना मला पटण्याचे हे एक मोठे कारण आहे. डागाभोवतीची कातडी आधी काढून टाकली, त्यावर दुसरीकडची कातडी आणून बसवली, आणि मग महिन्याने गाठ शोधायला गेले, तर मूळ वाटाच पुसलेल्या असतात आणि सापडलेली गाठ खरोखर पहिली होती याची खात्री देता येत नाही. म्हणून रुंद कड काढणे आणि ती गाठ काढणे एकाच बैठकीत व्हायला हवे. ‘आधी डाग काढून घेऊ, गाठींचे नंतर बघू’ असे दुसरीकडे कोणी स्वस्तात सुचवले तर तिथे जाऊ नका. मात्र ही चाचणी जांघेत गाठ हाताला लागत नसेल तरच करायची असते. आधीच टणक गाठ लागत असेल तर प्रथम सुईने तिची तपासणी आणि सीटी किंवा पेट स्कॅन व्हायला हवा, आणि ती रोगाची निघाली तर मार्ग बदलतो. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीच इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी औषधे, देणे हिताचे ठरते, असे गेल्या काही वर्षांतील अभ्यासांत, त्यांतही २०२३ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. हाताशी आलेली गाठ लगेच न कापता थांबणे सर्जनला जड जाते, पण आज ते थांबणेही त्याच्या कौशल्यात मोडते.

त्या पहिल्या गाठीत सूक्ष्म रोग सापडला तर काय? माझ्या काळात जांघेतील उरलेल्या सगळ्या गाठी काढणे हे ठरलेलेच होते. २०१७ मध्ये १९०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि हा नियम मोडला. उरलेल्या गाठी लगेच काढलेले आणि नुसते सोनोग्राफीने लक्ष ठेवलेले, या दोन्ही गटांत तीन वर्षांनी मेलानोमातून वाचलेल्यांचे प्रमाण सारखेच, ८६ टक्के होते. हातपाय सुजण्याचे प्रमाण मात्र पहिल्या गटात २४ टक्के तर दुसऱ्यात ६ टक्के भरले. बागेत उतारावर चढउतार करणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही. तेव्हा गाठ ‘पॉझिटिव्ह’ आली तरी सर्जन लगेच पुन्हा शस्त्रक्रियेला बोलावणार नाहीत, आणि त्यांनी हात आखडता घेतला असे समजू नका.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. टाके निघाले की सर्जनचे काम संपत नाही. अंतिम अहवाल आल्यावर तो घेऊन मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरवर औषधोपचार करणारे डॉक्टर), विकृतिशास्त्रज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांच्यासह एकत्र बसून पुढचे ठरवण्याची पद्धत मोठ्या रुग्णालयांत असते, आणि ‘बाबांचा विषय त्या बैठकीत ठेवणार का?’ असे तुम्ही सरळ विचारू शकता. गाठीत रोग निघाला तर, आणि जाड व व्रणयुक्त डागात गाठ स्वच्छ असली तरीही, सुमारे वर्षभराच्या इम्युनोथेरपीचा विचार होतो. ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीवर असलेला लगाम सैल करतात; या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. परंतु ती महाग आहेत, आतडी, यकृत व ग्रंथींवर त्यांचे दुष्परिणाम होऊ शकतात, आणि तळपायाच्या मेलानोमात त्यांचा गुण गोऱ्या रुग्णांच्या उन्हाच्या मेलानोमाइतका येत नाही. म्हणून आधीच जमीन विकायला काढू नका. अंतिम अहवाल येऊ द्या, काढलेल्या तुकड्यावर बीरॅफ आणि किट या जनुकांची तपासणी उपयोगाची ठरेल का ते विचारा, आणि मग हिशेब मांडा. पुढची काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी सर्जन शस्त्रक्रियेची जागा, टाचेपासून जांघेपर्यंतची सगळी वाट, जांघ आणि बाकीची कातडी तपासतील, गरजेनुसार सोनोग्राफी करतील.

आणि म्हणूनच वडिलांना सांगायला हवे. त्या वाटेवर मोहरीएवढी काळी किंवा कातडीच्याच रंगाची गाठ उठली तर ती सर्वांत आधी त्यांच्याच बोटांना लागणार आहे. ‘जुनी जखम साफ केली’ एवढेच ज्याला ठाऊक आहे तो माणूस रोज आंघोळीच्या वेळी पाय चाचपून पाहणार नाही, बागेत चप्पल घालणार नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा मुंबईला चला म्हटले की ‘जखम तर भरली’ म्हणून नकार देईल. शिवाय संमतिपत्रावर सही त्यांची लागते, तुमची नव्हे. हे सांगण्याचे ओझे तुम्ही एकट्याने उचलू नका. सर्जनना आधी भेटून सांगा की बाबांना अजून कल्पना नाही, आणि त्यांच्यासमोर, घाई नसलेल्या वेळी, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना ते त्यांनी सांगावे. चांगला सर्जन हे काम कनिष्ठ डॉक्टरवर सोपवत नाही. माझा अनुभव असा की शेतकरी माणसाला ‘मुळासकट काढायचे आहे, आणि पुन्हा फूट येते का ते पाहत राहायचे आहे’ असे म्हटले की पुढचे फारसे समजावावे लागत नाही. आणि खरे सांगायचे तर तुमची कुजबुज त्यांनी आधीच ओळखली असेल.

राहिला प्रश्न वेळेचा. तपासण्यांना, दुसऱ्या मताला दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. सण झाल्यावर, मग सुपारी उतरवून झाल्यावर, असे महिने जाऊ देऊ नका. काका मुंबईचा आग्रह धरत असतील तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जरूर मत घ्या, पण नुसते कागद घेऊन कोकणकन्या गाडीत बसू नका. जिथे बायोप्सी तपासली गेली तेथून त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा लेखी अर्ज करून मागून घ्या, कारण तेथील विकृतिशास्त्रज्ञ ते स्वतः पुन्हा पाहतील. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा अन्यत्र, जिथे शस्त्रक्रिया करायची तिथे गाठ शोधण्याची किरणोत्सारी चाचणी त्याच आवारात होते की आधी दुसरीकडे जावे लागते, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर दोन्ही शस्त्रक्रिया बसतात की एकच, हे तारीख घेण्यापूर्वी विचारून ठेवा. यंदा गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे, म्हणजे रानफळांच्या तोरणाचे, सामान आणायला रानात दुसऱ्या कोणाला तरी जावे लागेल, हे भावंडांत आताच ठरवून टाका. वडील ते खुर्चीत बसून, पाय उशीवर ठेवून, कुठे काय बांधायचे ते सांगू शकतील. अंतिम अहवाल हाती आला की त्यातील जाडी, कडा आणि गाठ या तीन नोंदी मला कळवा.